‘साभार : गूगल’ लिहून भागत नाही – वर्गात कॉपीराइट आणि मुक्त परवान्याचं साहित्य शिकवताना

कुठल्याही शाळेचं विज्ञान प्रदर्शन बघा. तक्ते, प्रकल्पवह्या, हस्तलिखित अंक. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘फोटो साभार : गूगल’. मुलानं ती प्रामाणिकपणे लिहिलेली असते आणि आपण शिक्षक त्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. पण गूगलनं तो फोटो काढलेला नसतो. तो कुठे आहे एवढंच त्यानं दाखवलेलं असतं. फोटो काढणारी व्यक्ती वेगळीच असते आणि तिचं नाव त्या तक्त्यावर कुठेच येत नाही.

मुलांना नियम सांगितलेच नाहीत असं सहसा नसतं. चुकतो तो क्रम. आधी चित्रं गोळा होतात, मग मांडणी, मग रंगरंगोटी, आणि शेवटच्या तासिकेला आपण म्हणतो, ‘आता संदर्भ लिहा.’ तोवर कुठलं चित्र कुठून घेतलं हे कुणालाच आठवत नाही, म्हणून ‘गूगल’. पुढे दिलेल्या सगळ्या टप्प्यांचा आधार एकच आहे : नोंद आधी, चित्र नंतर.

उदाहरणासाठी इयत्ता आठवी ते दहावीचा एक प्रकल्प धरला आहे : ‘आपल्या परिसरातले पक्षी’, सोळा पानांची पुस्तिका, थोड्या छापील प्रती आणि शाळेच्या संकेतस्थळावर पीडीएफ. एकूण सात तासिका पुरतात. विषय कुठलाही घ्या, पायऱ्या याच राहतील.

## वर्गात जाण्याआधीची तयारी

पुस्तिका कुठवर जाणार, हे आधी ठरवा. वर्गापुरती, शाळेपुरती, की सगळ्यांसाठी खुली? कायदा या तिन्हींकडे सारख्या नजरेनं बघत नाही.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी खास सवलती आहेत. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं एखाद्या साहित्याची प्रत काढली तर तो भंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा दिला किंवा उत्तरपत्रिकेत तो उतरवला, तरीही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या पानांच्या छायाप्रती एकत्र बांधून देण्याचा वाद न्यायालयात गेला होता, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये याच कलमाचा आधार घेतला होता. म्हणजे वर्गात तुम्ही एखादी कविता फळ्यावर लिहिली किंवा एक पान झेरॉक्स करून वाटलं, तर घाबरायचं काही कारण नाही.

पण तीच कविता पुस्तिकेत छापून संकेतस्थळावर टाकली की ती ‘शिकवण्याच्या ओघात’ राहत नाही. तिथे ही सवलत आपल्याला वाचवेल असं धरून चालू नका. म्हणून पुस्तिका बाहेर जाणार असेल तर पहिल्या चित्रापासून मुक्त परवान्याचंच साहित्य, म्हणजे मालकानं सगळ्यांना वापरायची परवानगी आधीच दिलेलं साहित्य घ्यायचं, असं मुलांना पहिल्या दिवशी सांगा.

नोंदवही आखा. साधी दोनशे पानी वही चालते, संगणकावरचा तक्ताही चालतो. सहा रकाने : क्रमांक, शीर्षक, कर्त्याचं नाव, पानाचा पूर्ण पत्ता, परवाना (आवृत्तीसह), आपण केलेला बदल. शेवटचा रकाना सोडून बाकी पाच भरल्याशिवाय चित्र डाउनलोड करायचं नाही.

स्रोत मोजके द्या. ‘इंटरनेटवर शोधा’ असं मोघम सांगितलं की मुलं जिथे नको तिथे पोचतात. सुरुवातीला तीन ठिकाणं भरपूर झाली : छायाचित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स, मजकुराच्या आधारासाठी मराठी विकिपीडिया, आणि चित्रगोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. चौथं म्हणून ओपनव्हर्स हे शोधयंत्र ठेवा. ते अनेक संग्रहांतलं मुक्त परवान्याचं साहित्य एकत्र दाखवतं.

> तपासा : या प्रत्येक ठिकाणी स्वतः एक चित्र शोधा, सहाही रकाने भरा, घड्याळ लावा. तुम्हाला दहा मिनिटं लागली तर मुलांना वीस लागतील. तासिकांचा हिशोब त्यावरून करा.

## टप्पा १ : हक्क कुणाचा, हे मुलांच्या स्वतःच्या चित्रावरून

व्याख्या फळ्यावर लिहू नका. प्रत्येकाला अर्धा कागद द्या आणि पाच मिनिटांत ओळखीचा एक पक्षी काढायला सांगा. साळुंकी, खंड्या, कावळा, काहीही. मग विचारा : हे चित्र कुणाचं? तुम्ही कुठे नोंदणी केली? फी भरली? कोपऱ्यात वर्तुळातला ‘सी’ काढला?

यातलं काहीच केलेलं नसतं. तरीही चित्र कागदावर उतरलं त्या क्षणी त्याचा कॉपीराइट त्या मुलाचा झाला. भारतात नोंदणी ऐच्छिक आहे, हक्क तिच्यावर अवलंबून नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या चित्राला कायदा तितकाच मान देतो जितका नावाजलेल्या चित्रकाराच्या चित्राला. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बदलतात. आपण इथे फक्त घेणारे नाही, देणारेही आहोत, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात येतं. या दहा मिनिटांत घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता शेजाऱ्यांशी कागद बदलायला सांगा. प्रश्न : शेजारणीचं चित्र तिला न विचारता तुमच्या नावावर प्रदर्शनात लागलं तर? नाव तिचंच लिहिलं, पण तिला विचारलं नाही तर? दुसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होतो. होऊ द्या.

याच तासिकेला माझ्या वर्गात एका मुलानं विचारलं होतं, ‘‘बाई, फोटोवर नावच नव्हतं. मग तो कुणाचाच नाही ना?’’ मी त्याला त्याच्याच चित्राचा कागद दाखवला. त्यावरही नाव नव्हतं. त्यानं कागद लगेच उलटा केला आणि मागे नाव लिहिलं. उत्तर त्यालाच सापडलं होतं : नाव दिसत नाही म्हणजे मालक नाही असं नव्हे. मालक माहीत नसेल तर ते चित्र आपण वापरायचं नाही.

जाता जाता एवढं सांगा की माहितीवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. तांबट झाडाच्या वठलेल्या फांदीत बीळ कोरून घरटं करतो, ही माहिती सगळ्यांची. पण एखाद्या लेखकानं ती ज्या वाक्यांत लिहिली, ती वाक्यं त्याची.

## टप्पा २ : साठ वर्षांचं गणित

‘जुनं आहे, म्हणजे मुक्त आहे’ हा समज मोडायला फळ्यावर गणितच करावं लागतं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साठ वर्षांची मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून.

साने गुरुजींचं निधन ११ जून १९५० रोजी झालं. मोजणी १ जानेवारी १९५१ पासून, मुदत ३१ डिसेंबर २०१० ला संपली. त्यांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले. मुलांना मोजायला सांगा : त्यांच्या कविता २०५९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. केशवसुत १९०५ मध्ये गेले, तिथे प्रश्नच नाही.

एक अवघड उदाहरण मुद्दाम घ्या. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणून त्या संग्रहातल्या कवितांची मुदत २०१२ च्या अखेरीस संपली, २०११ च्या नव्हे. नंतरच्या आवृत्तीत एखादी कविता पहिल्यांदाच आली असेल तर तिचा हिशोब पुन्हा वेगळा. एका वर्षाचा फरक आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण मृत्यूचं साल आणि प्रकाशनाचं साल ही दोन्ही बघायची असतात, हे मुलांच्या मनात यानं पक्कं बसतं.

छायाचित्रांनाही आता छायाचित्रकाराची हयात अधिक साठ वर्षं हाच नियम आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांची वेगळी, कमी मुदत काढून टाकली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांची साठ वर्षं मात्र प्रसिद्धीपासून मोजतात.

> इशारा : मूळ रचना मुक्त असली तरी तिच्यावर चढलेले थर मुक्त असतीलच असं नाही. तुकोबांचा अभंग कुणाच्याही मालकीचा नाही, पण अलीकडे एखाद्या गायकानं गायलेलं त्याचं ध्वनिमुद्रण, त्याला दिलेली चाल, त्यावर लिहिलेला अर्थ, आवृत्तीचं मुखपृष्ठ या प्रत्येकाचा वेगळा हक्क असतो. अभंग हातानं लिहून घ्या, आपल्या मुलांकडून म्हणवून घ्या. ते मुद्रण उचलू नका.

## टप्पा ३ : उचलेगिरी वेगळी, कॉपीराइटचा भंग वेगळा

या दोन गोष्टी शिक्षकांच्याही बोलण्यात एकमेकींत मिसळतात आणि ‘नाव दिलं की झालं’ हा सगळ्यात मोठा गैरसमज तिथूनच येतो. मी फळ्यावर चार घटना लिहिते आणि दोनच प्रश्न विचारते : नाव लपवलं का? परवानगी होती का?

१. केशवसुतांची कविता एका मुलानं स्वतःच्या नावानं अंकात दिली. कॉपीराइटचा भंग नाही, कारण मुदत संपली आहे. पण ही सरळ उचलेगिरी आहे.

२. कुसुमाग्रजांची अख्खी कविता, खाली त्यांचं नाव, शाळेच्या संकेतस्थळावर. उचलेगिरी नाही. पण परवानगी घेतली नसेल तर कॉपीराइटचा भंग आहे.

३. मराठी विकिपीडियावरचे दोन परिच्छेद, खाली दुवा आणि परवान्याची नोंद देऊन पुस्तिकेत घेतले. दोन्ही नाही.

४. तेच दोन परिच्छेद, नोंद न देता, ‘माझा निबंध’ म्हणून. दोन्ही आहे, कारण श्रेय देणं ही विकिपीडियाच्या परवान्याचीच अट आहे.

दुसऱ्या घटनेवर थांबा. बहुतेक मुलं आणि बरेच शिक्षक ती बरोबर समजतात. नाव देणं हा आदर आहे, परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. शेजारच्या काकूंची सायकल ‘साभार : काकू’ अशी चिठ्ठी लावून न विचारता नेली, तर काकू काय म्हणतील, एवढं विचारलं की पुरतं.

## टप्पा ४ : परवान्याचे चार तुकडे

मुक्त परवाना म्हणजे मालकानं आधीच, सगळ्यांना, लेखी दिलेली परवानगी. हक्क त्याचाच राहतो, आपल्याला अटींवर वापर मिळतो. सगळ्यात जास्त आढळतात ते क्रिएटिव्ह कॉमन्स (थोडक्यात सीसी) या संस्थेचे सहा परवाने. सहा पाठ करायला लावू नका. ते चार तुकड्यांतून बनतात, तुकडे कळले की झालं.

बाय म्हणजे श्रेय द्या. हा सहाही परवान्यांत असतो. एसए म्हणजे तुम्ही बदल करून नवं काही बनवलंत तर तेही याच परवान्यानं खुलं करा. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको. एनडी म्हणजे बदललेली आवृत्ती प्रसृत करायची नाही. यांच्याबाहेर सीसी झिरो आहे : मालकानं आपले हक्क शक्य तितके सोडून दिले आहेत, श्रेयाचीही अट नाही. तरी मी मुलांना तिथेही श्रेय लिहायला लावते. सवय मोडत नाही आणि पुढच्या वाचकाला मूळ जागा सापडते.

मराठी वर्गासाठी यातलं एनडी सगळ्यात अडचणीचं आहे आणि याकडे फार कमी लक्ष जातं. जगभरातलं पुष्कळ शैक्षणिक साहित्य इंग्रजीत असतं, आपल्याला ते मराठीत आणायचं असतं. भाषांतर हा बदलच आहे. एनडी परवान्याच्या तक्त्यातली इंग्रजी नावं पुसून मराठी घातली आणि तो संकेतस्थळावर टाकला की अट मोडली. वर्गातल्या मुलांनी आठवडाभर खपून केलेलं भाषांतर शेवटी कुणाला दाखवता येत नाही, हे बघणं फार वाईट असतं. म्हणून भाषांतर करायचं असेल तर शोधतानाच एनडी गाळा.

स्टोरीवीव्हरची बैठक याच्या अगदी उलट आहे. तिथल्या गोष्टी बहुतांशी सीसी बाय ४.० खाली असतात आणि भाषांतराची सोय तिथल्या तिथेच आहे. बोलीभाषा घरी बोलणाऱ्या मुलांकडून एखादी छोटी गोष्ट त्यांच्या बोलीत करून घ्या. लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार या तिघांची नावं शेवटच्या पानावर कशी येतात, ते त्यांना तिथेच दिसतं.

एनसीबद्दल एकच : पुस्तिका आनंदमेळाव्यात वीस रुपयांना विकायचा विचार असेल, तर एनसी साहित्य घेऊच नका. ‘पैसे शाळेच्याच कामाला जाणार आहेत’ यावर वाद घालत बसण्यापेक्षा दुसरं चित्र शोधणं सोपं.

> इशारा : ‘फुकट डाउनलोड करता येतं’ म्हणजे ‘मुक्त परवाना’ नव्हे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, पण सर्व हक्क मंडळाकडे असल्याचं आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचं पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरच छापलेलं असतं. ते पान वर्गात उघडून मोठ्यानं वाचून घ्या. पुस्तक हवं असेल तर दुवा द्या, पीडीएफ आपल्या संकेतस्थळावर चढवू नका.

## टप्पा ५ : शोध आणि नोंद, याच क्रमानं

आता मुलं संगणकापाशी. शाळेत एकच संगणक असेल तर चौघांचे गट करा : एक शोधतो, एक मोठ्यानं वाचतो, एक वहीत लिहितो, एक तपासतो. मग जागा बदला.

१. शास्त्रीय नावानं शोधा. विकिमीडिया कॉमन्सवर ‘तांबट’ टाकलं तर हाती थोडंच लागतं, शिवाय भांडी घडवणारे तांबटही येऊ शकतात. मराठी विकिपीडियाच्या किंवा पक्षिकोशाच्या पानावरून शास्त्रीय नाव घ्या आणि ते शोधा. चित्रांची रांग लागते.

२. चित्रावर नव्हे, चित्राच्या पानावर जा. शोधाच्या यादीतली छोटी प्रतिमा उजवी कळ दाबून जतन करायची नाही. तिच्यावर टिचकी मारा आणि पूर्ण पान उघडा. कर्ता, स्रोत, तारीख, परवाना हे सगळं तिथेच असतं.

३. परवाना शेवटपर्यंत वाचा. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ एवढ्यावर थांबू नका. बाय-एसए की बाय? ३.० की ४.०? आवृत्तीसह उतरवा. कॉमन्सवर एनसी आणि एनडी साहित्य ठेवूच देत नाहीत, म्हणून सुरुवातीला ती जागा बरी. इतरत्र मात्र हे दोन तुकडे आहेत का, ते नजरेनं शोधा.

४. संग्रहात चढवणारा आणि फोटो काढणारा एकच आहे का, बघा. कुणीतरी दुसऱ्याचा फोटो आणून त्यावर मुक्त परवाना चिकटवतो, असंही होतं. मुलांना शंकेच्या खुणा शिकवा : कोपऱ्यात वर्तमानपत्राची पुसट मुद्रा, फारच लहान आकार, त्याच खात्यावर प्रत्येक फोटो वेगळ्याच शैलीचा. शंका आली तर गूगल लेन्सनं तो फोटो आणखी कुठे आहे ते बघा. शंका फिटली नाही तर सोडून द्या.

५. वहीत नोंद करा. पाच रकाने.

६. मग डाउनलोड करा आणि फाइलला वहीतला क्रमांक द्या : ‘०७-तांबट’. व्हॉट्सॲपवरून फाइल इकडून तिकडे गेली की तिचं नाव बदलतं. म्हणून पेनड्राइव्ह वापरा, किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

गूगलच्या चित्रशोधातही वापराच्या हक्कानुसार गाळण्याची सोय आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा पर्याय तिथे निवडता येतो. पण ती गाळणी फक्त सुचवते. मूळ पानावर जाऊन परवाना वाचणं टळत नाही. पिक्साबे, अनस्प्लॅशसारख्या जागांचे स्वतःचे वेगळे परवाने आहेत. ते उदार असले तरी क्रिएटिव्ह कॉमन्स नव्हेत, तेव्हा वहीत ‘पिक्साबेचा परवाना’ असंच लिहा.

> तपासा : वहीतली कुठलीही एक ओळ निवडा. वर्गातल्या दुसऱ्या गटाला फक्त त्या ओळीवरून ते चित्र पुन्हा शोधता आलं, तर नोंद पुरेशी आहे. ‘पत्ता’ म्हणून संकेतस्थळाचं नुसतं नाव लिहिलेलं असेल तर इथेच पकडलं जातं.

## टप्पा ६ : श्रेयाची ओळ

श्रेयात चार गोष्टी : शीर्षक, कर्ता, स्रोत, परवाना. बदल केला असेल तर पाचवी. छापील पुस्तिकेत चित्राखाली अशी ओळ येते :

*‘तांबट’, छायाचित्र : (चित्राच्या पानावर कर्त्यानं दिलेलं नाव), विकिमीडिया कॉमन्स, परवाना : सीसी बाय-एसए ४.०. चित्राच्या कडा कापल्या आहेत.*

पूर्ण पत्ता चित्राखाली मावत नाही. तो शेवटच्या पानावर ‘चित्रांचे श्रेय’ या मथळ्याखाली क्रमांकासह द्या, परवान्याचा दुवाही तिथेच. पीडीएफमध्ये दोन्ही टिचकी मारता येतील असे ठेवा. कर्त्यानं टोपणनाव दिलं असेल तर टोपणनावच लिहा, खरं नाव शोधून काढू नका. त्याला ज्या नावानं ओळखलं जावंसं वाटतं तेच त्याचं श्रेय.

इथे हमखास होणाऱ्या चुका : सगळी श्रेयं एकत्र ‘सर्व चित्रे – विकिमीडिया’ अशी, ‘फोटो सौजन्य’ लिहून परवाना गाळणं, फोटोवरचं छायाचित्रकाराचं नाव कडा कापताना उडवणं आणि खालीही न लिहिणं. तिसरी चूक मुलं वाईट हेतूनं करत नाहीत, त्यांना फक्त चौकोन नीटस हवा असतो. पण नाव पुसणं हे कर्त्याच्या कलम ५७ खालच्या खास हक्कावरही येतं, आणि तो हक्क त्यानं कॉपीराइट विकला तरी त्याच्याकडेच राहतो.

## टप्पा ७ : बांधणी, आणि मुलांचा स्वतःचा हक्क

वेगवेगळ्या परवान्यांची चित्रं एका पुस्तिकेत शेजारी शेजारी असायला हरकत नाही, प्रत्येकाचा परवाना त्याच्यापाशी राहतो. अडचण येते ती मिसळताना. बाय-एसए चित्रातला पक्षी कापून बाय-एनसी-एसए चित्रातल्या झाडावर बसवला, तर नव्या चित्राला कुठला परवाना द्यायचा? दोन्ही ‘माझाच द्या’ म्हणतात. उत्तर नाही, म्हणून असं कोलाज करायचं नाही. बाय आणि सीसी झिरोची चित्रं मिसळायला मोकळी.

मग पुस्तिकेतला मुलांचा मजकूर आणि चित्रं. ती त्यांची आहेत, शाळेची नाहीत. शाळेच्या अंकात छापतो म्हणून आपण गृहीत धरतो की हक्क आपल्याकडे आले. तसं होत नाही. मुलांना विचारा : तुमचं चित्र इतरांनी वापरलेलं चालेल? कुठल्या अटीवर? क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की ज्यांनी साहित्य घेतलं त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही, हे आधी सांगा. पालकांची लेखी संमती घ्या. संमतिपत्रात मुलाचं चित्र, परवान्याचं नाव आणि पुस्तिकेत नाव कसं छापायचं (पूर्ण, फक्त पहिलं, की टोपणनाव) हे तीनही लिहा. कुणी नको म्हटलं तर त्याच्या पानाखाली ‘सर्व हक्क राखीव’ छापा आणि त्याला कारण विचारू नका.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वेडा राघू काढला होता, तारेवर बसलेला, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक काड्यांसकट. तिनं बराच विचार करून ‘बाय’ निवडलं आणि म्हणाली, ‘‘बाई, वापरू देत. पण नाव लिहायला पाहिजे.’’

मुखपृष्ठाच्या मागे एक परिच्छेद हवाच : मजकुराचा परवाना कुठला, चित्रांचे परवाने वेगवेगळे असून ते शेवटच्या पानावर आहेत, आणि संपर्क कुठे करायचा.

> इशारा : स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ वेगळे ठेवा. शाळेत मुलांनी आणि शिक्षकांनी, पालकांसमोर, चित्रपटगीतावर नाच बसवला तर कलम ५२ ची सवलत आहे. पण तो व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला केला की प्रेक्षक बदलले. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे अशाच एका व्हिडिओचा आवाज चढवल्या दिवशीच बंद झाला आणि मुलांचा नाच मुका उरला. मुलं हिरमुसली होती आणि मला त्यांना काय सांगावं कळत नव्हतं. व्हिडिओ बाहेर द्यायचा असेल तर लोकगीत मुलांकडूनच गाऊन घ्या, ढोलकी-टाळ शाळेतले वापरा.

## प्रसिद्ध झाल्यावर तक्रार आली तर

सगळं सांभाळूनही एखादी ओळ राहते. कुणी लिहिलं की ‘हा फोटो माझा आहे’, तर आधी पीडीएफ संकेतस्थळावरून हटवा, मग वही काढा. क्रमांक शोधा, मूळ पान उघडा. श्रेयात चूक असेल तर दुरुस्त करून पुन्हा चढवा आणि त्या व्यक्तीला तसं कळवा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० परवान्यांत तशी सोयच आहे : चूक लक्षात आल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर गेलेला वापराचा हक्क आपोआप परत मिळतो. परवानाच खोटा निघाला, म्हणजे दुसऱ्या कुणी तो फोटो चोरून चढवलेला होता, तर चित्र काढून टाका, दिलगिरी कळवा आणि ज्या संग्रहातून घेतलं तिथेही कळवा.

पत्र मुलांनाच लिहू द्या, सही तुमची असू द्या. मूळ पानं पुढे बदलू शकतात, नाहीशीही होऊ शकतात. म्हणून प्रत्येक चित्राचं पान, परवाना दिसेल असं, डाउनलोडच्या दिवशीच छापून किंवा जतन करून ठेवा आणि तारीख टाका. ती पानं आणि नोंदवही पुस्तिकेच्या एका प्रतीसोबत ग्रंथालयाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या आठवीला पहिल्या तासिकेला दाखवायला तीच काढायची आहे.